फ्रीमेसन लोकांचे घर



पुण्याला नव्याने आलेला खेड्यातला माणूस ‘लॉज’ ही पाटी पाहिली की पिशवी खाली ठेवतो आणि खोली मिळेल का म्हणून विचारतो. आजच्या मराठीत लॉज म्हणजे उतरण्याची जागा. पण लष्कर भागातल्या जुन्या माणसाला विचाराल, तर तो आणखी एका लॉजची गोष्ट सांगेल. त्या लॉजात खोली मिळत नाही, जेवण मिळत नाही, आणि सभासद नसलेल्याला बैठकीच्या वेळी आत पाऊलही टाकता येत नाही. ते लॉज म्हणजे फ्रीमेसन लोकांचे. अशा घरावर बहुधा एक खूण कोरलेली असते: खाली गवंड्याचा गुण्या, वर उघडलेला कंपास. उत्तर हिंदुस्थानात कित्येक गावी लोकांनी या घरांना सरळ ‘जादूघर’ असे नाव देऊन टाकले. दार बंद, आत साहेबलोक आणि बाहेर तलवार घेतलेला पहारेकरी, असे दिसल्यावर लोकांनी दुसरे काय म्हणावे?

आज मी आपल्याला या घराची हकीकत सांगणार आहे. त्यात जादू नाही. आहेत ती तुमच्या-आमच्या गावच्या गवंड्याचीच हत्यारे. म्हणून आधी एका गवंड्याची गोष्ट सांगतो.

मी खेड्यात मास्तर होतो तेव्हा आमच्या शाळेच्या दोन खोल्या नव्याने बांधायच्या ठरल्या. दगड गावच्या खाणीतला, माती ओढ्याकाठची, मजुरी निम्मी श्रमदानाची. गवंडी मात्र बाहेरगावचा होता. त्याला सगळे बाबा म्हणत. पोरे मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती गोळा व्हायची. एकदा एका पोराने विचारले, “बाबा, भिंत तर सरळ दिसतीया. मग सारखा ओळंबा कशाला सोडता?” बाबा म्हणाला, “पोरा, डोळा आपल्या सवयीचा असतो. ओळंबा कुणाच्याच सवयीचा नसतो.” मी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिले. बाबाची ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तिचा शेवट मी शेवटीच सांगेन, कारण तो सांगताना मला आजही अवघडल्यासारखे होते.

आता मूळ विषयाकडे वळू.

युरोपात मध्ययुगात मोठमोठी दगडी प्रार्थनामंदिरे बांधली जात. एकेका मंदिराचे काम पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वर्षे चाले. आजाने पाया घातला आणि नातवाने कळस पाहिला, असा तो मामला. अशा कामावर पाथरवटांसाठी बांधकामाला लागून एक खोप उभारीत. तीत दगड घडवायचे, हत्यारे ठेवायची, पावसात बसायचे आणि कामाच्या वाटण्या करायच्या. त्या खोपीला इंग्रजीत लॉज म्हणत. या डौलदार शब्दाचे मूळ असे पाथरवटांच्या खोपीत आहे.

त्या खोपीचे कायदे असत. नवा पोऱ्या आला तर तो उमेदवार. काही वर्षे काम शिकला की तो बरोबरीचा कारागीर, आणि पुढे हात आणि अक्कल दोन्ही पक्व झाली की उस्ताद. आपल्याकडे बिगारी, गवंडी, मिस्त्री अशा पायऱ्या असतात, तसेच हे समजा. कारागिरीची गुपिते बाहेर सांगायची नाहीत, आजारी भावाला मदत करायची, मेलेल्याच्या बायकापोरांकडे पाहायचे, असे करार असत.

पुढे काळ पालटला. मोठी मंदिरे बांधण्याचे दिवस सरले. इंग्लंड-स्कॉटलंडात या खोपींतून हळूहळू असे लोक येऊ लागले की ज्यांनी जन्मात दगडाला टाकी लावली नव्हती. जमीनदार आले, वैद्य आले, वकील आले, शास्त्राचे अभ्यासक आले. त्यांना दगडी इमारत बांधायची नव्हती. त्यांचे म्हणणे असे, की माणूस हाच एक अनघड दगड आहे, त्याला घडवायचे. हत्यारे तीच राहिली, काम बदलले. १७१७ साली लंडनमधली चार लॉजे एकत्र आली आणि त्यांनी एक मध्यवर्ती संस्था स्थापन केली. तिला ग्रँड लॉज म्हणतात. आजच्या फ्रीमेसन पंथाचा हिशेब तिथून धरतात.

पंथ म्हटले, पण हा धर्म नव्हे. एका परमेश्वरावर विश्वास असावा एवढी अट आहे. त्याला ते ‘विश्वाचा महान शिल्पकार’ म्हणतात. कोणता धर्म, कोणते दैवत, हे विचारायचे नाही. बैठकीत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही, असा त्यांचा दंडक आहे.

आता घराच्या आत जाऊ. दार बंद असते खरे, पण आतली रचना काही गुपित राहिलेली नाही. तिच्यावर ढीगभर पुस्तके छापली गेली आहेत.

आपला पुणेरी वाडा आठवा. बाहेरून भक्कम भिंत, एक दिंडी दरवाजा, आणि आत गेले की मध्ये मोकळा चौक, वर आभाळ. वाड्याचे तोंड आत असते. लॉजचेही तोंड आत असते. रस्त्याकडून पाहिले तर पुष्कळदा ती एक साधी, गंभीर इमारत. पुढे खांब असले तर असतील, खूण कोरलेली असेल, बस्स. खिडक्या उंचावर, नाहीतर पडद्याने झाकलेल्या. खरा खर्च आणि खरी कल्पना आतल्या दिवाणखान्यावर केलेली.

हा दिवाणखाना लांबट चौकोनी. त्याच्या मधोमध फरशी काळ्यापांढऱ्या चौकटींची, बुद्धिबळाच्या पटासारखी. सुख आणि दुःख, उजेड आणि अंधार यांवर पाय देतच माणूस चालतो, असा तिचा अर्थ. पूर्वेच्या अंगाला तीन पायऱ्या चढून एक उंच आसन. ते अध्यक्षाचे. त्याला ते मास्टर म्हणतात. समोर पश्चिमेला दुसरे आसन, दक्षिणेला तिसरे. ही दोन त्याच्या मदतनिसांची. उत्तरेला असे आसन नाही.

असे का? त्याचे कारण सूर्य. सूर्य पूर्वेला उगवतो तेव्हा काम सुरू करायचे, म्हणून मुख्य माणूस पूर्वेला. दुपारी सूर्य दक्षिणेला येतो तेव्हा कारागिरांना भाकरीसाठी सोडायचे, म्हणून ते बघणारा दक्षिणेला. सूर्य पश्चिमेला बुडतो तेव्हा काम थांबवून मजुरी चुकवायची, म्हणून तिसरा पश्चिमेला. उत्तरेकडे सूर्य जात नाही, म्हणून ती बाजू अंधाराची.

शिक्षक मित्रांनी इथे एक गंमत ध्यानात घ्यावी. हा हिशेब विलायतेचा आहे. तिथे सूर्य कधीच उत्तरेकडून जात नाही. आपल्या पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडून जातो. अंगणात काठी रोवून पाहा, त्या दिवसांत बारा-साडेबाराची सावली दक्षिणेला पडते. पुण्यात मांडलेल्या लॉजमध्येही उत्तर मात्र अंधाराचीच राहिली. घर इथे आले, पण आपले आभाळ तिकडचेच घेऊन आले.

आसनांजवळ दोन दगड ठेवलेले असतात. एक खाणीतून काढला तसा, खडबडीत. दुसरा घडवलेला, सहाही बाजू साफ, कोपरे काटकोनात. पहिला दगड म्हणजे नवा सभासद. दुसरा म्हणजे त्याने व्हायचे ते. मास्टरच्या गळ्यातल्या पट्ट्याला गुण्या लटकतो, कारण वागणे काटकोनात हवे. पश्चिमेकडच्याला पाणसळ, कारण सगळी माणसे एका पातळीवर. दक्षिणेकडच्याला ओळंबा, कारण मन सरळ उभे हवे. मास्टरच्या हातात लाकडी हातोडी. तिच्या ठोक्याने सभा सुरू होते आणि बंद होते. सभासद कमरेला पांढरा चामडी फडका बांधतात. तो पाथरवटाचा. दगड घडवताना कपची उडून मांडीला लागू नये म्हणून तो बांधीत.

दोन खांब असतात. यरुशलेमला शलमोन राजाने देवालय बांधले, त्याच्या दारापुढे पितळी खांबांची जोडी होती, असे बायबलात आहे. तिची ही आठवण. आणि मधल्या चौरंगावर धर्मग्रंथ उघडून ठेवतात, त्यावर गुण्या आणि कंपास. शपथ त्या ग्रंथावर हात ठेवून घ्यायची. ज्याचा जो ग्रंथ त्याने त्यावर. त्यामुळे हिंदुस्थानातल्या लॉजांत बायबलाच्या शेजारी गीता, कुराण, अवेस्ता, ग्रंथसाहेब असे ग्रंथ येऊन बसले. जगातल्या फार थोड्या दिवाणखान्यांत हे ग्रंथ असे एका चौरंगावर उघडे राहिले असतील.

दाराबाहेर एक माणूस उपसलेली तलवार घेऊन उभा असतो. त्याला टायलर म्हणतात. आतल्याने आणि बाहेरच्याने ठराविक ठोके द्यायचे, मग दार उघडते. बैठक संपली की शेजारच्या खोलीत सर्वांनी एकत्र जेवायचे. म्हणजे घरात तीन गोष्टी अवश्य पाहिजेत: दारापुढची खोली, मधला दिवाणखाना आणि जेवणाची खोली. मग इमारत लहान असो की मोठी.

लहान-मोठी म्हणालो, त्याचे मोठे उदाहरण लंडनचे. पहिल्या महायुद्धात जे फ्रीमेसन मारले गेले, त्या ३,२२५ जणांच्या स्मरणार्थ लंडनला १९२७ ते १९३३ या काळात एक प्रचंड इमारत उभारली गेली. आपल्या मुंबईत कोट भागात १८९७ साली बांधलेला फ्रीमेसन्स हॉल आहे. आझाद मैदानावरून तो फार दूर नाही. बाहेरून जाणाऱ्या हजारो माणसांपैकी फारच थोडी त्याच्याकडे मान वळवून पाहतात.

हे घर आपल्या मुलखात आले कसे?

ते व्यापाराबरोबर आणि पलटणीबरोबर आले. कलकत्त्याला १७३० च्या सुमारास पहिले लॉज निघाले, मुंबईला १७५८ साली. पलटणींना फिरता परवाना देण्याची वहिवाट होती. पलटण जिथे तळ देईल तिथे लॉज भरायचे. एका पेटीत गुण्या, कंपास, हातोडी, ग्रंथ आणि फडके. पेटी उघडली की लॉज उभे, पेटी मिटली की लॉज उठले. तंबूत भरे, बराकीत भरे. म्हणजे हे घर मुळात भिंतींचे नव्हतेच. चार दिशा ठरवल्या आणि माणसे बसली की घर झाले.

पुण्यात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशवाई बुडाली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजी लष्कराचा तळ पडला. तेच आपले लष्कर किंवा कँप. त्या लष्कराबरोबर फ्रीमेसनही आले. एकोणिसाव्या शतकात पुण्याला ‘ओरायन इन द वेस्ट’ आणि ‘सेंट अँड्र्यू इन द ईस्ट’ नावाची लॉजे होती. पहिले इंग्लंडच्या शाखेचे, दुसरे स्कॉटलंडच्या. ओरायन म्हणजे आपले मृग नक्षत्र. पुण्याच्या शेतकऱ्याला मृग म्हटले की पेरणी आठवते. साहेबाच्या लॉजला त्याच नक्षत्राचे नाव होते, हे त्याला कुणी सांगितलेही नसेल.

पुढे १८८६ ते १८९० पर्यंत व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट हा मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सेनापती होता. पुण्याच्या लष्करात त्याच्या नावाचा रस्ता पडला तो त्यामुळे. हाच गृहस्थ १९०१ पासून १९३९ पर्यंत इंग्लंडच्या सगळ्या फ्रीमेसनांचा प्रमुख होता. सत्ता आणि लॉज यांचे नाते किती जवळचे होते ते यावरून दिसेल.

आता खरा प्रश्न येतो. आत पाणसळ टांगलेली. तिचा अर्थ, सगळी माणसे एका पातळीवर. मग हिंदी माणसाला आत घेतले काय?

मुंबईला माणकजी करसेटजी नावाचे पारशी गृहस्थ होते. शिकलेले, सुधारक. त्यांनी मुंबईच्या लॉजकडे अर्ज केला. नाकारला. ते विलायतेला गेले. तिथेही दार उघडले नाही. शेवटी फ्रान्सला जाऊन पॅरिसच्या एका लॉजमध्ये त्यांनी दीक्षा घेतली आणि घरी परत आले. नियमाप्रमाणे आता ते भाऊ झाले होते. जगात कुठल्याही लॉजमध्ये दीक्षा घेतलेला माणूस सगळ्यांचा भाऊ, असा कायदा. तरी मुंबईच्या गोऱ्या लॉजने त्यांना आपल्यात बसू दिले नाही. गुण्या हातात घेऊन बसलेल्या माणसांची भिंत अशी तिरकी निघाली.

तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स नावाचा एक स्कॉट पुढे आला. हा कंपनी सरकारचा डॉक्टर आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश फ्रीमेसनांचा प्रमुख. याच बर्न्सच्या हस्ते मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई हॉस्पिटलची कोनशिला ३ जानेवारी १८४३ रोजी फ्रीमेसन विधीने बसली होती. त्यांच्या विधीत कोनशिलेला गुण्या, पाणसळ आणि ओळंबा लावून पाहतात आणि तिच्यावर धान्य, द्राक्षरस आणि तेल वाहतात. आपण पायाला नारळ फोडतो, हळदकुंकू वाहतो. भाव एकच, की यावर जे उभे राहील ते टिको.

त्याच वर्षी, १५ डिसेंबर १८४३ रोजी, बर्न्सने मुंबईत एक नवे लॉज काढले. त्याचे नाव ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’, म्हणजे पश्चिम हिंदुस्थानचा उगवता तारा. ते मुद्दाम हिंदी माणसांसाठी काढले होते. माणकजी त्यात आले. पुढे याच वाटेने दादाभाई नौरोजींसारखी माणसे या पंथात आली. दादाभाईंनी दीक्षा घेतली ती लंडनला.

माणकजींचे आणखी एक काम सांगायलाच हवे. १८६३ साली त्यांनी मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली. तिचे नाव अलेक्झांड्रा. ज्या माणसाला एका दारातून तीनदा परत लावले, त्याने दुसऱ्यांसाठी एक दार उघडले. आणि गंमत पाहा, ज्या मुलींना त्यांनी शाळेत आणले, त्यांना लॉजमध्ये कधीच जागा नव्हती. या जुन्या शाखांत स्त्रियांना अजूनही घेत नाहीत.

हिंदूंची वाट आणखी बिकट होती. बंगालमध्ये प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ साली अर्ज केला. आक्षेप असा निघाला, की हिंदू अनेक देव मानतात, मग एका परमेश्वराची शपथ ते कशी घेणार? वाद नऊ वर्षे चालला. शेवटी १८७२ साली दत्तांना दीक्षा मिळाली. त्याच कलकत्त्याच्या लॉजमध्ये १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण आला. त्याला आपण स्वामी विवेकानंद म्हणून ओळखतो.

स्वातंत्र्यानंतर, २४ नोव्हेंबर १९६१ रोजी, दिल्लीला भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख रामपूरचे नवाब रझा अली खान. काही लॉजे मात्र आपल्या जुन्या इंग्लिश, स्कॉटिश शाखांतच राहिली. शेजारी पाकिस्तानात १९७२ साली सरकारने हा पंथ बंद केला आणि त्याची घरे ताब्यात घेतली. युरोपात हिटलर, मुसोलिनी, फ्रँको यांनीही त्याच्यावर बंदी घातली होती. बंद दाराची धास्ती हुकूमशहाला मोठी वाटते. पण बंद दारामुळे साध्या माणसाच्या मनातही संशय येतो, हेही खरे. आपल्याच भाऊबंदांची वर्णी लावतात, असा बोल या मंडळींना जगभर लागला आहे. ते दवाखान्यांना, शाळांना, अनाथांना पैसा देतात, हेही नाकारता येणार नाही. दोन्ही गोष्टी एका ताजव्यात ठेवाव्या लागतात.

श्रोतेहो, लष्करातून आता शहराकडे या. मध्ये अंतर थोडे, पण फरक मोठा.

लष्करात साहेबलोक गुण्या आणि ओळंबा गळ्यात घालून बसत होते, त्याच काळात पुण्यात एक माणूस खऱ्याखुऱ्या दगडमातीत उभा होता. त्याचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. जोतीराव शिक्षक, लेखक आणि सुधारक म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. ते बांधकामाचे कंत्राटदारही होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खडकवासल्याच्या धरणाचे दगडी काम चालले होते, त्याला लागणारा माल त्यांनी पुरवला. पाथरवट, वडार, बिगारी यांच्यात त्यांचे दिवस गेले. कोणाच्या पाठीवर किती ओझे असते आणि मजुरीचा पैसा मधल्या मधे कुठे जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. तोही एक बंधुसंघच. तिथेही सभासद होताना शपथ होती. तिथेही ईश्वर एकच, तोच निर्मिक. तिथेही सगळी माणसे एका पातळीवर. पण तिथे दाराशी तलवार नव्हती. माळी आला, कुणबी आला, मुंबईचे तेलुगू बांधकाम कंत्राटदार आले. सावित्रीबाई त्या कामात होत्या. गुपित एकही नव्हते. उलट जे शेकडो वर्षे गुपित ठेवले होते, ते उघड्यावर आणणे हेच काम होते.

त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १२ जून १९०५ रोजी, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी फर्ग्युसन कॉलेजच्या शेजारच्या टेकाडावर भारत सेवक समाज स्थापन केला. त्यालाही सात शपथा होत्या. त्यातली एक अशी, की सर्व हिंदी लोकांना भाऊ मानीन आणि जात-धर्म न पाहता सर्वांच्या भल्यासाठी झटेन. दुसरी अशी, की समाज जे देईल त्यावर पोट भरीन, पैसे मिळवण्यात शक्ती घालवणार नाही. आणि आणखी एक: कोणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही. आपल्यापैकी कोणी ही शपथ एक महिना पाळून पाहावी, म्हणजे ती केवढी अवघड आहे ते कळेल.

म्हणजे एकाच शहराच्या तीन अंगांना बंधुभावाच्या तीन संस्था झाल्या. एकीने घर आधी नेमके बांधले. कोण कुठे बसायचे, कोणता दगड कुठे ठेवायचा, सगळे ठरवले. पण दार जपून, फार उशिरा उघडले. दुसरीने घराची फिकीरच केली नाही, दार मात्र सताड उघडे ठेवले. तिसरीने थोड्याच माणसांकडून फार मोठी शपथ घेतली आणि त्यांना देशभर कामाला पाठवले. कोणती थोर, हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. पण घर पाहायला गेलेल्या माणसाने खांब मोजून परत येऊ नये. दार कोणाला उघडत होते आणि कोणाला नाही, हेही विचारावे. इमारतीचा तो निम्मा इतिहास असतो.

लॉजच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच टोचतो. त्या दिवाणखान्यात जी हत्यारे पूजेच्या मानाने ठेवली, ती सगळी कष्टकऱ्याची. गुण्या गवंड्याचा, फडका पाथरवटाचा, खोप मजुराची. पण पुण्यात ज्या हातांनी काळा दगड फोडून घडवला, रस्ते केले, पूल बांधले, बराकी बांधल्या, त्या हातांचा धनी त्या दिवाणखान्यात कधी सभासद म्हणून बसला असेल, असे मला वाटत नाही. हत्याराला मान मिळाला. हत्यार धरणाऱ्याला तो मिळायचा राहिला.

हे मी साहेबलोकांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. आता बाबाची राहिलेली गोष्ट ऐका.

आमच्या शाळेच्या खोल्या पुऱ्या झाल्या. उद्घाटन ठरले. मंडप घातला, तोरणे लावली. पाहुणे आले, हार झाले, भाषणे झाली. मीही बोललो. माझ्या भाषणात मी तेच वाक्य घातले, डोळा सवयीचा असतो आणि ओळंबा कुणाच्याच सवयीचा नसतो. लोकांनी टाळ्या दिल्या. वाक्य कोणाचे, हे मी सांगितले नाही. कार्यक्रम संपल्यावर एका पोराने माझी बाही ओढली आणि म्हणाला, “मास्तर, बाबा भाईर उभा हाय.” मी बाहेर जाऊन पाहिले. कुंपणापाशी, लिंबाखाली तो उभा होता. धुतलेले धोतर नेसून आला होता. त्याला कोणी अडवले नव्हते. कोणी बोलावलेही नव्हते. बोलावणे पाठवायचे काम माझ्याकडे होते.

मी म्हटले, “बाबा, आत या ना.” तो म्हणाला, “आता काय मास्तर, सभा झाली. भिंत बघायला आलो हुतो. ठीक हाय.” दुसऱ्या दिवशी तो पुढच्या गावी कामाला निघून गेला. पुन्हा भेट झाली नाही.

त्या दिवशी आमच्या दाराशी तलवार नव्हती, टायलर नव्हता, ठोक्यांचे गुपित नव्हते. दार सताड उघडे होते. तरी ज्याने भिंत बांधली तो बाहेर राहिला. दार बंद करायला नेहमीच कडी लागते असे नाही. नुसते विसरले तरी ते बंद होते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. आपल्या गावात शाळेची, चावडीची, विहिरीची, कशाचीही भिंत चालू असेल, तर एक दिवस मुलांना तिथे न्या. गवंड्याला सांगा, की आज तास तुम्ही घ्या. ओळंबा सरळ का राहतो, पाणसळीतले पाणी काय सांगते, गुण्याने कोपरा कसा साधतात, हे त्याच्याकडून मुलांना शिकू द्या. पायथागोरसचे प्रमेय पुस्तकात आहे. गवंडी तेच दोरीला तीन, चार आणि पाच हातांवर खुणा करून जमिनीवर मांडतो आणि पायाचा काटकोन काढतो. मुलांना ते जन्मभर आठवेल. आणि इमारत पुरी झाली की पहिल्या बाकावर त्याला बसवा. कोनशिलेवर पाहुण्यांचे नाव कोरता, तिथे एक ओळ त्याच्यासाठीही ठेवा. दगड तेवढाच लागतो.

आणि कधी पुण्याला आलात, लष्कर भागात हिंडताना गुण्या-कंपासाची ती खूण दिसली, तर घाबरू नका आणि हसूही नका. तीनशे वर्षांपूर्वी काही माणसांना वाटले, की माणूस दगडासारखा घडवता येतो. ती इच्छा चांगली होती. तिच्या भिंती कुठे सरळ आल्या, कुठे कलल्या, ते आपण पाहिले. आता तोच ओळंबा आपापल्या घराच्या भिंतीला लावून पाहायचा आहे.